गाडी अडली की रूळ उखडू नका: फॅक्टोरिओच्या रेल्वेसाठी नवख्यांची वाट

फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम, त्यातली रेल्वे अडली म्हणून इंदूरच्या सुदामा नगरहून आत्तेभावाचा रात्री अकराला फोन आला, दादा गाडी निघतच नाहीये, मी सगळे सिग्नल काढून परत लावले, स्टेशन पाडून परत बांधलं, तरी तेच. मी विचारलं गाडीवर काय लिहून येतंय? तर म्हणाला ते नाही बघितलं. त्याच्या नंतर आमच्या ग्रुपमधल्या अजून दोघांनी अगदी हेच केलं, म्हणून आता एकदा नीट लिहूनच काढतो. फॅक्टोरिओमध्ये पहिली खाण संपायला आली आणि दुसरी लांब सापडली की रेल्वे लागतेच, आणि रेल्वे लागली की ती अडतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. माझ्या अनुभवात गाडी जिथे उभी असते तिथे चूक जवळपास कधीच नसते, ती पुढे कुठेतरी असते, कधी कधी तर पार दुसऱ्या टोकाला. म्हणून आहे ते उखडून परत बांधायचं नाही, आधी गाडीला विचारायचं.

आधी गाडी काय म्हणते ते वाचा

इंजिनवर क्लिक केलं की खिडकी उघडते, त्यात गाडी आत्ता काय करतेय ते लिहिलेलं असतं आणि नकाशावर तिचा रस्ताही दिसतो. तिथे साधारण चार प्रकार भेटतील. एक, गाडी मॅन्युअलवर आहे. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण नवीन लोकांच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, तुम्ही स्वतः गाडी चालवत खाणीपर्यंत नेली, उतरलात, आणि ऑटोमॅटिकचं बटण दाबायचं राहिलं. दोन, इंधन नाही. इंजिनात इंधनाचे तीनच खण असतात, हाताने कोळसा टाकलेला किती दिवस पुरणार, म्हणून एखाद्या स्टेशनवर इंजिनच्या बाजूला इन्सर्टर (वस्तू उचलून टाकणारा यांत्रिक हात) आणि कोळशाची पेटी ठेवाच. तीन, नो पाथ किंवा डेस्टिनेशन फुल. चार, काहीच चूक लिहिलेली नाही, गाडी नुसती लाल सिग्नलपाशी उभी आहे.

नो पाथ, डेस्टिनेशन फुल आणि लाल सिग्नल हे तीन पूर्णपणे वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही. आत्तेभावाला नो पाथ येत होतं आणि तो स्टेशनच पाडत बसला होता. म्हणून एकेक घेऊ.

नो पाथ

याचा अर्थ सरळ आहे, या गाडीला इथून त्या स्टेशनापर्यंत जायला रस्ताच नाही. ट्रॅफिक आहे म्हणून नो पाथ येत नाही हे लक्षात ठेवा, पुढे दहा गाड्या अडकल्या असल्या तरी रस्ता असेल तर गाडी नो पाथ म्हणणार नाही, ती फक्त वाट बघेल. म्हणजे नो पाथ दिसलं की बांधकामातच काहीतरी तुटलंय किंवा उलटं लागलंय.

शोधायची माझी पद्धत अशी: गाडीची खिडकी उघडा, नकाशावर कंट्रोल धरून रुळावर साधारण अर्ध्या वाटेत क्लिक करा. गाडीला तात्पुरता थांबा मिळतो आणि ती निघते. निघाली, म्हणजे अर्ध्यापर्यंत सगळं बरोबर आहे, चूक उरलेल्या अर्ध्यात. नाही निघाली, तर चूक अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. चार-पाच क्लिकमध्ये तुम्ही त्या जागेवर पोचता जिथे रूळ जोडलेला वाटतो पण नाहीये, किंवा एक सिग्नल चुकीच्या बाजूला आहे. तासभर पायी रुळाच्या कडेनं फिरण्यापेक्षा हे फार बरं. आणि यातून अजून एक गोष्ट कळते: अगदी स्टेशनाला लागून असलेल्या रुळावर तात्पुरता थांबा दिला तर गाडी जाते, पण स्टेशनचं नाव दिलं की नो पाथ, असं होत असेल तर रस्ता ठीक आहे, स्टेशन उलट्या बाजूला लागलंय. फॅक्टोरिओत स्टेशन नेहमी गाडीच्या उजव्या हाताला लागतं. सिग्नलही तसाच, गाडीच्या उजव्या हाताला असेल तोच तिचा सिग्नल.

इथे आपल्याकडच्या लोकांचा एक गोंधळ होतो तो सांगतो. आपल्या रेल्वेत गाड्या डावीकडून चालतात, इंदूरहून देवासकडे जाताना बघा, म्हणून आपण गेममध्येही सवयीनं दोन लाइनी टाकून गाड्या डावीकडून चालवतो. चालवा, गेमला काही हरकत नाही, पण मग दोन्ही लाइनींचे सिग्नल मधोमध येतात, त्यामुळे दोन लाइनींच्या मध्ये दोन टाइलची (टाइल म्हणजे गेमच्या जमिनीचा एक चौकोन) जागा सोडावी लागते. सोडली नाही की सिग्नल बसत नाही, मग माणूस तो बाहेरच्या बाजूला लावतो, आणि बाहेरच्या बाजूचा सिग्नल म्हणजे उलट दिशेच्या गाडीचा सिग्नल, झालं, नो पाथ. मी स्वतः आता उजवीकडून चालवतो, सिग्नल बाहेरच्या कडेला राहतात आणि वळणांवर डोक्याला ताप होत नाही.

आता आत्तेभावाची चूक. रुळाच्या एकाच बाजूला सिग्नल असेल तर ती लाइन एकदिशा होते, उलटी गाडी तिथून जाऊच शकत नाही. दोन्ही दिशांनी गाड्या न्यायच्या असतील तर सिग्नल दोन्ही बाजूंना आणि बरोब्बर समोरासमोर पाहिजे. त्यानं दोन्ही बाजूंना लावले होते पण एक थोडा पुढे सरकलेला. आता गेमच्या हिशेबानं तिथे काय झालं बघा, जाणारी गाडी आपला सिग्नल ओलांडते आणि पुढे तिला फक्त उलट दिशेचा एकटा सिग्नल दिसतो, म्हणजे प्रवेश बंद, आणि येणाऱ्या गाडीलाही अगदी तसंच. एवढ्याशा सरकण्यानं लाइन दोन्हीकडून बंद. स्क्रीनवर दूरून बघितलं तर ते समोरासमोरच वाटतात, म्हणून झूम करून बघा, हातात सिग्नल घेतला की समोरची जागा कुठली ते गेम दाखवतो.

उरलेली दोन कारणं पटकन: इंजिन एकच असेल तर गाडी फक्त पुढे जाते, त्यामुळे शेवटच्या स्टेशनावरून परत यायला गोल वळसा बांधा नाहीतर मागच्या टोकाला उलट्या तोंडाचं दुसरं इंजिन जोडा. आणि दुसरं म्हणजे नाव, वेळापत्रकात चुकून भलतंच स्टेशन निवडलेलं. नवीन स्टेशनला गेम आपोआप एक नाव देतो, ती नावं गेमला सुरुवातीला पैशांची मदत करणाऱ्या लोकांची आहेत, छान वाटतात पण आठवत नाहीत, म्हणून लगेच बदला, लोखंड खाण, लोखंड भट्टी, असं जे तुम्हाला कळेल ते.

लाल सिग्नल, आणि आजोबांचं लाइन क्लिअर

माझे आजोबा मीटर गेजच्या जमान्यात महू-खंडवा लाइनवर स्टेशन मास्तर होते, तीच लाइन जिच्यावर 2018 पासून पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन सुरू झाली. एकेरी लाइन, घाट, बोगदे. ते सांगायचे की पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय आणि ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा दिल्याशिवाय गाडी हलायची नाही, कारण दोन स्टेशनांच्या मधल्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. मी शाळेत असताना हे शंभर वेळा ऐकलं होतं आणि फॅक्टोरिओ खेळायला लागल्यावर लक्षात आलं की अरे हे तर तेच आहे. गेममध्येही दोन सिग्नलांच्या मधला तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. हातात सिग्नल घेतला की रुळांवर रंगीत पट्टे दिसतात, प्रत्येक रंग म्हणजे एक ब्लॉक. गाडी लाल सिग्नलला अडलीय तर पहिलं काम हेच, सिग्नल हातात घ्या आणि बघा की समोरचा रंग कुठून कुठपर्यंत पसरलाय. बऱ्याचदा दिसेल की जो छोटा तुकडा तुम्हाला वेगळा वाटत होता तो पार पलीकडच्या स्टेशनापर्यंत एकाच रंगाचा आहे, कारण कुठेतरी फाट्यावर एक सिग्नल लावायचा राहिला, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात कुठेही एक डबा उभा असला तरी तुमची गाडी थांबणार.

आता साधा सिग्नल आणि चेन सिग्नल यातला फरक, इथे सगळे अडतात. साधा सिग्नल फक्त विचारतो, पुढचा ब्लॉक रिकामा आहे का? चेन सिग्नल विचारतो, पुढचा रिकामा आहे का आणि त्याच्या पुढचा सिग्नलही मोकळा आहे का, म्हणजे मला तिथून बाहेर पडता येईल का? म्हणजे आजोबांचं लाइन क्लिअर.

पलासिया चौकात संध्याकाळी सातला उभं राहून बघा. समोर गाड्या तुंबल्यात हे दिसत असूनही लोक हिरवा मिळाला म्हणून चौकात घुसतात, मग चौकाच्या मधोमध अडकतात, तेवढ्यात आडव्या रस्त्याला हिरवा होतो पण त्यांच्यासमोर हे उभे, आणि चारही बाजू बंद. साध्या सिग्नलवर बांधलेल्या फाट्यावर गाड्या नेमकं हेच करतात. चौकात शिरायच्या आधी पलीकडे माझी गाडी मावेल एवढी जागा आहे का बघायचं, हे काम चेन सिग्नलचं. म्हणून नियम: फाट्यात शिरताना चेन, फाट्याच्या आत एकापेक्षा जास्त छेद असतील तर आतही चेन, आणि फाट्यातून बाहेर पडताना साधा.

आणि बाहेर पडल्यावरचा तो पहिला ब्लॉक तुमच्या सगळ्यात लांब गाडीएवढा पाहिजेच. हे न केल्यानं नियम पाळूनही फाटे अडतात, गाडी बाहेर पडते, पुढच्या लाल सिग्नलला थांबते, आणि तिचे शेवटचे दोन डबे अजून फाट्यात. मोजायचं कसं: इंजिन असो की डबा, लांबी 6 टाइल, आणि दोघांच्या मध्ये 1 टाइलची फट. एक इंजिन चार डबे म्हणजे 5 वाहनांचे 30 आणि मधल्या 4 फटी, एकूण 34 टाइल. सरळ रुळाचा एक तुकडा 2 टाइलचा, म्हणजे 17 तुकडे, मी 18 धरतो. तुमची गाडी यापेक्षा लांब असेल तर तसं वाढवा, आणि गाडीची लांबी एकदा ठरवली की सगळीकडे तीच ठेवा, एका लाइनवर दोन डब्यांची आणि त्याच लाइनवर आठ डब्यांची असं सुरुवातीला करूच नका.

रंगांबद्दल: साधा सिग्नल पिवळा झाला म्हणजे कुठलीतरी गाडी जवळ आली आणि तिनं तो ब्लॉक धरून ठेवलाय, काळजीचं काही नाही. चेन सिग्नल निळा दिसला की बरेच जण घाबरतात, निळा म्हणजे पुढे जायचे काही रस्ते मोकळे आहेत काही बंद, ज्या गाडीचा रस्ता मोकळा ती जाईल.

चेन सिग्नल समजला की उत्साहात तो सगळीकडे लावतात, तेही नको. लांब सरळ लाइनवर ओळीनं चेनच चेन लावले तर प्रत्येकजण पुढच्याचं तोंड बघत बसतो आणि अख्खी लाइन एकाच ब्लॉकसारखी वागते, एक गाडी पार होईपर्यंत दुसरी सुटत नाही. सरळ लाइनवर साधेच सिग्नल, गाडीच्या लांबीच्या अंतरानं.

एकेरी लाइनवर दोन्ही दिशांच्या गाड्या हा वेगळाच प्रकार आहे. सराफ्याच्या मागच्या गल्लीत दोन टोकांनी दोन गाड्या घुसल्या की काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला समजावून सांगायला नको, मागे कुणी हटत नाही. स्वस्त म्हणून नवीन माणूस एकेरी टाकतो, पण माझं ऐका, पहिल्यापासून दुहेरी टाका, एक जायची एक यायची, रूळ काही एवढे महाग नाहीत. तरीही एकेरीच टाकायची असेल तर मध्ये मध्ये क्रॉसिंगच्या जागा करा, जसं मीटर गेजवर एक गाडी स्टेशनात थांबायची आणि समोरची निघून जायची. त्या दोन लाइनींना एकदिशा करा, तिथून एकेरी तुकड्यात शिरताना चेन सिग्नल आणि एकेरी तुकड्यातून क्रॉसिंगच्या लाइनीत शिरताना साधा. मग पलीकडच्या क्रॉसिंगमध्ये जागा असल्याशिवाय गाडी एकेरीत पाऊलच टाकणार नाही.

डेस्टिनेशन फुल

ही खरं तर चूक नाही, गाडी म्हणतेय की जायचं त्या नावाच्या सगळ्या स्टेशनांवर जागा भरलीय, मी इथेच थांबते. स्टेशनच्या खिडकीत लिमिट लावता येतं, 1 लावलं तर एका वेळी एकच गाडी, आणि वाटेत असलेली गाडीही त्यात मोजली जाते, म्हणून स्टेशन रिकामं दिसतं तरी फुल म्हणतं, लोक इथे फसतात. नकाशावर शोधा, कुठेतरी एक गाडी त्या स्टेशनाकडे निघालेली असणार. कधी कधी ती निघालेली गाडीच कुठेतरी लाल सिग्नलला अडकलेली असते, मग तुमची तक्रार डेस्टिनेशन फुलची पण इलाज त्या दुसऱ्या गाडीचा करायचा.

लिमिट लावाच, नाही लावलं तर एकाच नावाच्या तीन खाणी असल्या तरी सगळ्या गाड्या जवळच्या खाणीवर रांग लावतात. पण गाड्या किती घ्यायच्या याचं गणित संगीत खुर्चीचं आहे, एक खुर्ची रिकामी पाहिजे. 3 खाणींना प्रत्येकी 1 आणि भट्टीच्या 2 स्टेशनांना प्रत्येकी 1, एकूण खुर्च्या 5, तर गाड्या जास्तीत जास्त 4. पाचवी सोडली की सगळ्या बसून राहतात, कुणालाच उठून जायला जागा नाही, सगळीकडे डेस्टिनेशन फुल. आणि लिमिट 2 लावायचं तर दुसऱ्या गाडीला उभं राहायला स्टेशनाच्या मागे तिच्या लांबीची जागा द्या, नाहीतर ती मेन लाइनवर उभी राहील आणि मागच्या सगळ्यांना अडवेल.

ब्ल्यूप्रिंट, म्हणजे आधीच्या बांधकामाची साठवलेली नक्कल, पेस्ट करताना एक जपा, त्याबरोबर स्टेशनचं नावही येतं. तांब्याच्या खाणीवर लोखंडाच्या खाणीची ब्ल्यूप्रिंट टाकली आणि नाव बदलायचं राहिलं की लोखंडाची गाडी तांबं भरून आणते, भट्टीचा बेल्ट, म्हणजे माल वाहणारा पट्टा, अर्धा तांब्यानं भरतो, आणि तो उपसायला एक संध्याकाळ जाते. डब्याच्या खणांना फिल्टर लावले तर हे होत नाही.

गाडी हलत नाही पण रस्त्याचा दोष नाही

गाडी स्टेशनातच उभी आहे आणि वर काहीच चूक नाही, तर तिच्या वेळापत्रकातली अट बघा. भरेपर्यंत थांब असं लिहिलंय आणि खाण संपत आलीय, तर एका डब्यात 2000 कच्चं लोखंड मावतं, चार डबे म्हणजे 8000, ते भरायला ती तासन्‌तास थांबेल. रिकामी होईपर्यंत थांब असं लिहिलंय आणि भट्टीच्या पेट्या भरलेल्या आहेत, तर ती पेट्या रिकाम्या होईपर्यंत थांबणार, म्हणजे कारखाना पुढे कुठेतरी तुंबलाय, रेल्वेला हात लावू नका.

गाडी लांबच्या रस्त्यानं गेली म्हणूनही काही जण घाबरतात. रस्ता ठरवताना गेम फक्त अंतर बघत नाही, वाटेतल्या गाड्याही मोजतो, आणि वाटेत दुसरं स्टेशन लागत असेल तर त्या रस्त्याला 2000 टाइलचा दंड धरतो. म्हणून मेन लाइनवरच स्टेशन बांधलं की बाकीच्या गाड्या त्याला टाळून भलतीकडून फिरतात. आपल्या रेल्वेत जशी लूप लाइन असते तसं स्टेशन नेहमी बाजूला काढा, मेन लाइन मोकळी सोडा.

आणि व्हिडिओ बघून बांधत असाल तर तो कधीचा आहे ते बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये गेमचं 2.0 व्हर्जन आलं त्यात रुळांच्या वळणांचा आकारच बदलला, वेळापत्रकात इंटरप्ट आले, म्हणजे इंधन कमी झालं की गाडी मधूनच इंधनाच्या स्टेशनला जाऊन येते. जुन्या व्हिडिओतली मापं आता जशीच्या तशी बसत नाहीत. रुळांवरून रूळ नेणारे पूल हवे असतील तर ते स्पेस एज या विकत घ्यायच्या भागात मिळतात, पण फाटा कसा बांधायचा हे आधी जमिनीवरच शिका.

सगळंच अडलं तर

आधी सेव्ह करा. मग कुठल्याही एका अडकलेल्या गाडीपासून सुरुवात करा आणि बघा ती कुणामुळे अडलीय, ती दुसरी कुणामुळे, ती तिसरी कुणामुळे. खरा तिढा असेल तर फिरून तुम्ही परत पहिल्या गाडीपाशी येता. त्या गोलातली जी गाडी सगळ्यात सहज मागे घेता येईल ती निवडा, तिच्यात बसा, मॅन्युअल करा आणि हळूच मागे घ्या. मॅन्युअल गाडीला सिग्नल थांबवत नाही, लालमधूनही ती जाते, म्हणून मागून कुणी येत नाही ना ते नकाशावर बघून मगच. आणि हो, रुळावर पायी उभं राहून बघू नका, गाडी खेळाडूलाही चिरडते.

एक गाडी निघाली की बाकीच्या धडाधड सुटतात आणि माणूस खूश होऊन पुढच्या कामाला लागतो. थांबा. ज्या फाट्यावर गोल तयार झाला होता तिथे जा, सिग्नल हातात घ्या, शिरताना चेन आहे का आणि बाहेरच्या ब्लॉकमध्ये अख्खी गाडी मावते का ते बघा, दुरुस्त करा, आणि मगच ती मागे घेतलेली गाडी परत ऑटोमॅटिकवर टाका. आत्तेभावानं सिग्नल समोरासमोर घेतले तेव्हा पहिली गाडी लगेच निघाली, पण मी त्याला सांगितलं की एका गाडीनं फाटा तपासला जात नाही, एकटी गाडी कुठल्याही फाट्यातून जाते. त्यानं अजून तीन सोडल्या, वीस मिनिटं नुसतं बघत बसला, आणि भट्टीच्या अलीकडचा ब्लॉक आखूड आहे हे त्याचं त्यानंच पकडलं.